सिम्पसन्समधली विडंबनं: मूळ सिनेमा न पाहताही हसू का येतं?

चांदणचुरा

सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेबद्दल अधूनमधून बोलणं होतं पण ते बहुतेक वेळा 'त्यांनी भविष्य कसं वर्तवलं' याच्याभोवतीच फिरतं, आणि ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाल्याचा उल्लेख २००० सालच्या एपिसोडात होता यावर येऊन थांबतं. मला त्याबद्दल बोलायचंच नाहीये. मला बोलायचंय त्यातल्या विडंबनांबद्दल. सिनेमे, नाटकं, जुन्या टीव्ही मालिका, ब्रॉडवेची गाणी, सगळं त्यांनी इतकं बेमालूम आत घेतलंय की अर्ध्या गोष्टी कुठून आल्यात हे बघताना कळतही नाही आणि तरी आपण हसून हसून लोळतो. माझं यावर एक पक्कं मत आहे. मूळ कलाकृती ज्याला ठाऊक नाही त्यालाही हसवतं तेच चांगलं विडंबन, ठाऊक असलेल्याला ते वर आणखी काहीतरी देतं. नुसतं 'ओळखलंत का हे कशातलं?' असं विचारून पुढे जाणं म्हणजे विडंबन नव्हे.

दोन एपिसोड जरा खोलात जाऊन सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल, दोन्ही पाचव्या सीझनमधले, ऑक्टोबर १९९३ मधले.

पहिला केप फिअर. मालिकेतला खलनायक साइडशो बॉब तुरुंगातून सुटतो आणि सिम्पसन कुटुंबातल्या पोराच्या, बार्टच्या, जिवावर उठतो. त्याच नावाचा सिनेमा आधी १९६२ मध्ये आला होता, रॉबर्ट मिचम आणि ग्रेगरी पेकचा, आणि मग १९९१ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने तो परत केला, त्यात रॉबर्ट डी नीरो. त्या नव्या सिनेमात एक प्रसंग आहे, थिएटरमध्ये वकिलाचं कुटुंब बसलंय आणि पुढच्या रांगेत डी नीरो मोठा सिगार ओढत मोठमोठ्याने हसतोय, धूर यांच्या तोंडावर, त्याला बरोब्बर माहीत आहे की आपण यांना छळतोय. सिम्पसन्समध्ये अगदी तस्संच, बॉब बसलाय सिगार ओढत, खदाखदा हसत, आणि तुम्हाला वाटतं आता कुटुंब घाबरणार. तर बार्टचा बाप होमर त्याच्याहून मोठा सिगार ओढत त्याच्याहून जोरात हसतोय आणि बॉबच वैतागतो! आता बघा, सिनेमा पाहिला नसेल तरी एक खुनशी माणूस दुसऱ्याला छळायला बसलाय आणि होमरच्या अडाणीपणापुढे त्याचं काही चालत नाही, हा विनोद पूर्ण आहे. सिनेमा पाहिला असेल तर लक्षात येतं की मूळ प्रसंगातली सगळी भीती 'समोरचा माणूस घाबरेल' या गृहीतकावर उभी होती, आणि इथे ते गृहीतकच काढून घेतलंय. होमरला घाबरायचं असतं हेच कळत नाही. म्हणजे मूळ प्रसंग नेमका कशावर उभा आहे हे या लोकांनी आधी नीट शोधून काढलं आणि मग तेवढीच एक वीट हलवली.

त्याच एपिसोडात तो दंताळ्यांचा प्रसंग. बॉब गाडीखालून बाहेर पडतो आणि एकामागून एक दंताळ्यांवर पाय देतो, दांडा फाडकन तोंडावर, कण्हणं, परत दुसरं दंताळं. नऊ वेळा. एपिसोड लांबीला कमी पडत होता म्हणून तो प्रसंग ताणला हे लेखकांनीच नंतर सांगितलंय. पहिल्या तीन वेळेला हसू येतं, मग कंटाळा येतो, मग सहाव्या सातव्या वेळेला तो कंटाळाच इतका हास्यास्पद होतो की आवरत नाही. हे कशाचं विडंबन म्हणायचं तर दंताळ्यावर पाय पडणं हा मूकपटांच्या काळापासूनचा घासून गुळगुळीत झालेला विनोद, आणि इथे तो केल्सी ग्रामरने दिलेल्या त्या भारदस्त, सुसंस्कृत आवाजाच्या माणसावर बेतलाय. ऑपेरा म्हणणारा खुनी आणि त्याच्या नशिबी दंताळं.

दुसरा एपिसोड रोजबड. हा तर माझ्या मते त्यांच्या विडंबनाचा कळस. सिटिझन केन, १९४१, ऑर्सन वेल्स. मरताना केनच्या तोंडून 'रोजबड' हा एक शब्द निघतो, हातातला काचेचा गोळा फुटतो आणि सिनेमाभर लोक त्या शब्दाचा अर्थ शोधत राहतात. शेवटी प्रेक्षकाला कळतं की ती त्याची लहानपणीची घसरगाडी, बर्फातली, आईबापांपासून त्याला दूर नेलं तेव्हा मागे राहिलेली. सिम्पसन्समध्ये होमरचे म्हातारे मालक मिस्टर बर्न्स झोपेत 'बोबो' पुटपुटतात, काचेचा गोळा तसाच फुटतो, आणि बोबो म्हणजे त्यांचं लहानपणीचं टेडी बेअर. पण गंमत पुढे आहे. केनला त्याच्या मनाविरुद्ध नेलं होतं. बर्न्स? प्रेमळ आईबाप सोडून एका प्रेमशून्य अब्जाधीशाकडे राहायला तो पोरगा स्वतः आनंदाने जातो आणि बोबोला बर्फात टाकून देतो! केनचं दुःख 'माझं बालपण हिरावून घेतलं' हे होतं, बर्न्सचं बालपण कोणी हिरावलंच नाही, त्याने ते फेकलं. एवढ्या एका बदलाने बर्न्स हा माणूस काय आहे ते पूर्ण कळतं. मग ते अस्वल चार्ल्स लिंडबर्गच्या विमानातून, हिटलरच्या बंकरमधून, उत्तर ध्रुवावरून फिरत फिरत बर्फाच्या पिशवीतून बार्टच्या हातात आणि तिथून मॅगीकडे येतं. आणि इथून पुढे मूळ सिनेमात नसलेली गोष्ट सुरू होते, बर्न्सना ते परत हवंय आणि होमरला ते द्यायचं नाहीये, कारण पोरीला ते आवडलंय. मूळ सिनेमात घसरगाडी जळून जाते, कुणालाच कळत नाही. इथे एक तान्ही पोर शेवटी स्वतः ते अस्वल त्या म्हाताऱ्याला देते. पोट धरून हसवणाऱ्या एपिसोडात हा क्षण येतो आणि तो जराही खोटा वाटत नाही.

तर माझं म्हणणं असं की विडंबन कथेच्या पोटात असलं पाहिजे, कथेवर चिकटवलेलं नको. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमचे आवडते प्रसंग पण लिहा, फक्त नाव नको, त्यात काय केलंय ते लिहा.

रातवा

धागा काढलात ते फार बरं केलंत. मला यात एक गोष्ट जोडायची आहे जी जवळपास कुणी बोलत नाही, संगीत. डोळ्यांनी ओळखू येणाऱ्या विडंबनाबद्दल सगळे बोलतात पण निम्मं विडंबन कानात असतं. आल्फ क्लॉसन १९९० ते २०१७ एवढा काळ या मालिकेचे संगीतकार होते आणि ते खऱ्या ऑर्केस्ट्राकडून संगीत वाजवून घ्यायचे, कार्टूनसाठी दर आठवड्याला हे करणं म्हणजे काय खर्च आणि काय मेहनत याचा विचार करा.

केप फिअरचंच घ्या. १९६२ च्या सिनेमाला बर्नार्ड हरमनचं संगीत, ते वरून खाली उतरत येणारे जड ब्रासचे स्वर. स्कोर्सेसीने नवा सिनेमा केला तेव्हा एल्मर बर्नस्टाइनकडून तेच संगीत नव्याने बसवून घेतलं. आणि सिम्पसन्सनेही तेच घेतलं, आणि नंतर बॉब जेव्हा जेव्हा परत आला तेव्हा तेच सूर परत आले, म्हणजे आता ती बॉबचीच ओळख झालीये. माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांना ते स्वर ऐकले की मिचम आठवत नाही, डी नीरो आठवत नाही, ते ताडमाड केसांचं झाड आठवतं. आणि गंमत म्हणजे संगीतात थट्टा अजिबात नाही. क्लॉसन ते पूर्ण गांभीर्याने वाजवतात, जणू खरोखरच थ्रिलर चाललाय. संगीतानेही डोळे मिचकावले असते तर सगळा प्रसंग फुसका झाला असता. चित्र मूर्खपणा करतंय आणि ऑर्केस्ट्रा जीव तोडून भीती घालतोय, त्या दोघांच्या मधल्या अंतरात विनोद आहे.

असंच चौथ्या सीझनमधल्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज' मध्ये. मॅगी पाळणाघरात, तिथे सगळ्या बाळांची चोखणी काढून कपाटात ठेवतात, आणि मॅगी ती परत मिळवायचा बेत आखते. पार्श्वसंगीत द ग्रेट एस्केपचं, पुन्हा बर्नस्टाइनच! तान्ह्या बाळांची युद्धकैद्यांसारखी मोहीम, आणि त्याला १९६३ च्या युद्धपटाची ती मार्चिंगची धून. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्यालाही नुसत्या धुनीवरून कळतं की ही बाळं सैनिक आहेत.

मुक्काम

+१ दोन्हीला. त्या पाळणाघराच्या प्रसंगाचा शेवट विसरू नका, होमर मॅगीला न्यायला येतो आणि सगळीकडे बाळंच बाळं, जमिनीवर, कपाटांवर, खिडकीत, सगळी गप्प बसून चोखणी चोखतायत चुक चुक चुक, आणि तो हळूच पाय न लागू देता त्यांच्यामधून बाहेर पडतो. हिचकॉकच्या द बर्ड्सचा शेवट. आणि बाहेर हिचकॉक स्वतः दोन कुत्रे घेऊन जाताना दिसतो, जसा तो त्या सिनेमाच्या सुरुवातीला दिसतो. अर्ध्या मिनिटात एवढं सगळं.

टिटवी

चांदणचुरा, लेख सुंदर झालाय पण मी मुख्य मुद्द्याशी सहमत नाही. 'कथेवर चिकटवलेलं' म्हणताना तुझ्या डोळ्यासमोर फॅमिली गाय ही दुसरी कार्टून मालिका असणार हे उघड आहे 🙂 आणि मला ती मालिका मनापासून आवडते म्हणून लिहितेय. १९९९ पासून ती चालू आहे, आणि तिचं तंत्रच वेगळं आहे. 'हे तर त्या वेळेपेक्षा वाईट आहे जेव्हा...' म्हणायचं आणि कट करून कुठलाही भलताच प्रसंग दाखवायचा, मग कथेत परत. कथेशी संबंध नाही हे तिथे उणं नाहीच, तोच विनोद आहे. आपलं डोकं चालतं तेही असंच, बोलता बोलता मध्येच ऐंशीच्या दशकातली एखादी जाहिरात आठवते आणि निघून जाते. टीव्हीसमोर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय साठलेलं असतं त्याचं हे चित्र आहे असं मी मानते. आणि त्यांनाही लांब पल्ल्याचं विडंबन जमतं, २००७ चा ब्लू हार्वेस्ट बघ, पूर्ण स्टार वॉर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यात प्रेम किती आहे ते प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं. सिनेमाचे शॉट्स जसेच्या तसे आणि मध्येच कोणीतरी असा प्रश्न विचारतं जो आपण सगळ्यांनी लहानपणी विचारला होता.

चांदणचुरा

टिटवी, ब्लू हार्वेस्टबद्दल शंभर टक्के मान्य, तो मलाही आवडतो. पण तू जे उदाहरण दिलंस ते माझ्याच बाजूचं आहे ना? तिथे स्टार वॉर्स हीच कथा आहे, चिकटवलेलं काही नाही. कटअवेंबद्दल, म्हणजे मध्येच कट करून दाखवलेल्या त्या भलत्या प्रसंगांबद्दल, मात्र मी ठाम आहे. त्यातले काही हसवतात, नाही असं नाही, पण दुसऱ्यांदा बघताना ते हसू राहत नाही, कारण त्यातला अर्धा भाग 'अरे हे कुठून आलं' या धक्क्याचा असतो आणि धक्का एकदाच बसतो. रोजबड मी कितीही वेळा बघू शकते.

साउथ पार्क या आणखी एका कार्टून मालिकेवाल्यांनी २००६ मध्ये कार्टून वॉर्स मध्ये याच तंत्रावर प्रहार केला होता, फॅमिली गायचे विनोद टाकीतले मॅनेटी नावाचे समुद्री प्राणी लिहितात, त्यांच्यासमोर शब्द लिहिलेले चेंडू असतात आणि ते कुठलेही चेंडू उचलून देतात त्याचा विनोद होतो. क्रूर आहे पण टीका म्हणून त्यात तथ्य आहे. आणि साउथ पार्कचेच लोक २००२ मध्ये एक आख्खा एपिसोड करून बसलेत की आपण काहीही सुचवलं तरी ते सिम्पसन्सने आधीच केलेलं असतं. मला तो एपिसोड फार मोलाचा वाटतो, एका कार्टूनने दुसऱ्या कार्टूनला मान देण्याची याहून चांगली रीत नसेल.

टिटवी

मॅनेटीचा टोला मला मान्य नाही पण हसले मी त्यावेळी, हे खरं. एक गोष्ट मात्र लक्षात घे, साउथ पार्क आणि सिम्पसन्स यांची तुलना करताना वेळेचा फरक मोठा आहे. साउथ पार्कचा एक एपिसोड सहा दिवसांत होतो, संगणकावर, त्यामुळे मंगळवारची बातमी बुधवारी त्यात असते. सिम्पसन्सचं ॲनिमेशन दक्षिण कोरियात व्हायचं, लिहिण्यापासून टीव्हीवर यायला कित्येक महिने. त्यांना ताज्या गोष्टीवर विनोद करणं परवडतच नव्हतं, आज लिहिलेला विनोद येईपर्यंत शिळा. म्हणून ते केन आणि हिचकॉककडे गेले, जे शिळं होण्याचं वय कधीच मागे टाकून आले होते. म्हणजे तू ज्याला निवड म्हणतेस त्यातली बरीचशी गरज होती!

चांदणचुरा

हा मुद्दा फार आवडला, आणि मी याला विरोध करणार नाही. गरजेतून आलं असेल, पण त्याचं त्यांनी सोनं केलं. आणि घाई करायची वेळ आली तेव्हा तीही केली त्यांनी. जानेवारी १९९२ मध्ये थोरले बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत. त्याच आठवड्यात एका जुन्या एपिसोडच्या पुनर्प्रक्षेपणाआधी छोटासा नवा तुकडा जोडला, कुटुंब टीव्हीवर बुशचं भाषण बघतंय आणि बार्ट म्हणतो की आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय. द वॉल्टन्स ही मालिका तीसच्या दशकातल्या महामंदीतल्या कुटुंबावर होती आणि १९९२ मध्ये अमेरिका नुकत्याच येऊन गेलेल्या मंदीतून अजून सावरत होती. एका वाक्यात मालिकेचा संदर्भ, देशाची अवस्था आणि राष्ट्राध्यक्षाला उत्तर. याला म्हणतात नेम.

मुक्काम

पात्रांबद्दल कोणी बोललंच नाही अजून. निम्मं स्प्रिंगफील्ड, म्हणजे मालिकेतलं गाव, हे कोणाचं ना कोणाचं विडंबन आहे. चीफ विगमचा आवाज एडवर्ड जी. रॉबिन्सनवरून, जुन्या गँगस्टर सिनेमातला गुंड इथे पोलीस प्रमुख! मेयर क्विम्बी केनेडींच्या बोलण्यावरून, प्रोफेसर फ्रिंक जेरी लुईसच्या नटी प्रोफेसरवरून, बारवाल्या मोचा आवाज हँक अझारियाने अल पचिनोवरून धरला आणि मग आणखी खरखरीत केला. रेनियर वूल्फकासल म्हणजे श्वार्झनेगर, हे सांगायला नकोच. आणि ट्रॉय मॅक्लुअर, ट्रॉय डोनाह्यू आणि डग मॅक्लुअर या दोन नटांच्या नावांवरून. फिल हार्टमनने त्याला असा काही आवाज दिला की १९९८ मध्ये हार्टमन गेल्यावर मालिकेने ते पात्रच थांबवलं, दुसऱ्याला दिलं नाही. मला हे फार योग्य वाटलं.

आणि होमरचं ते प्रसिद्ध 'डोह!' सुद्धा उसनं आहे, लॉरेल हार्डीच्या सिनेमांतल्या जेम्स फिनलेसनचा तो वैतागलेला उद्गार. डॅन कॅस्टेलनेटाने तो आखूड केला. पटकथेत फक्त 'वैतागून कण्हतो' अशा अर्थाचं लिहिलेलं असायचं.

फिरस्ता

पात्रांवर आलोच आहोत तर अपू या भारतीय दुकानदाराबद्दल बोलायलाच हवं. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीवरून ठेवलंय. म्हणजे लेखकांना राय माहीत होते, आदर होता. पण आवाज? हँक अझारियाने तो धरताना द पार्टी या १९६८ च्या सिनेमात पीटर सेलर्सने केलेल्या भारतीय पात्राचा आधार घेतला, हे त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे बघा, नाव जगातल्या सर्वोत्तम सिनेमांपैकी एकाकडून आणि आवाज तोंडाला रंग फासून भारतीय झालेल्या इंग्रज नटाकडून. नावातला संदर्भ शंभरातल्या एकाला कळला असेल, आवाजातला सगळ्यांच्या कानात बसला. अमेरिकेतल्या शाळांमध्ये भारतीय वंशाच्या मुलांना त्याच आवाजात चिडवलं गेलं, यावर हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये द प्रॉब्लेम विथ अपू नावाची डॉक्युमेंटरी केली. त्यावर २०१८ मध्ये मालिकेने जे उत्तर दिलं, बार्टची बहीण लिसा आईशी बोलता बोलता अपूच्या फोटोकडे बघते आणि 'आता काय करणार' असा सूर, ते मला फार लागलं. एवढी हुशार मालिका आणि इतकं आळशी उत्तर. जानेवारी २०२० मध्ये अझारिया स्वतः बाजूला झाला, आणि त्याने ते ज्या समजुतीने केलं त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

चांदणचुरांच्या मूळ मुद्द्याला धरून सांगतो. वर केप फिअरचं जे वर्णन आहे त्यात विडंबन सिनेमावर आहे, डी नीरोच्या पात्राच्या दहशतीवर. अपूच्या आवाजात विडंबन कोणावर आहे? सेलर्सवर नाहीये. ते विडंबनाचं विडंबन नाहीये, ती नक्कल पुढे चालवलीये. मूळ ठाऊक नसलेल्यालाही हसू येतं ही तुमची कसोटी इथे लावली तर अपू पास होतो, आणि तिथेच मला ती कसोटी अपुरी वाटते. लोक हसले, पण कशाला हसले?

चांदणचुरा

फिरस्ता, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरोबर आहे, 'कशाला हसले' हा प्रश्न कसोटीत हवाच. मी असं म्हणेन की विडंबनाने जे उचललंय त्याच्याशी काहीतरी करायला हवं, उलटवायला हवं, प्रश्न विचारायला हवा. बर्न्सच्या बाबतीत ते केनला उलटवतात. अपूच्या आवाजात काही उलटवलेलं नाही. मात्र पात्र म्हणून अपूला त्यांनी चांगल्या गोष्टीही दिल्या, तो त्या गावातल्या सर्वात कष्टाळू आणि सुशिक्षित लोकांपैकी आहे, डॉक्टरेट झालेला, आणि स्थलांतरितांविरुद्धच्या लाटेवरचा १९९६ चा एपिसोड त्याच्या बाजूने अगदी ठामपणे उभा राहतो. ते खोडून काढावंसं मला वाटत नाही. पण म्हणून आवाजाचा प्रश्न सुटत नाही हेही तितकंच खरं.

फिरस्ता

मान्य. तो एपिसोड मलाही आवडतो, म्हणूनच २०१८ चं उत्तर जास्त लागलं.

कलम१०७

एक वेगळा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मीच सांगतो, हे सगळं करायला परवानगी लागते का? अमेरिकेत यावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल १९९४ चा आहे. टू लाइव्ह क्रू या रॅप गटाने रॉय ऑर्बिसनच्या 'ओह, प्रिटी वुमन' गाण्याचं विडंबन केलं होतं आणि हक्कधारक कंपनीने खटला भरला. न्यायालयाने एकमताने सांगितलं की विडंबन पैसे कमावण्यासाठी असलं तरी ते वाजवी वापरात, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या वापरात, बसू शकतं. त्यातला मला सर्वात पटलेला भाग असा की विडंबनाला मूळ कृतीतलं काहीतरी घ्यावंच लागतं, नाहीतर ओळखू कसं येणार, पण ते मूळ कृतीवरच काहीतरी बोलत असलं पाहिजे. दुसऱ्याच कशावर टीका करायला कोणाची तरी कृती सोयीची म्हणून वापरली तर बचाव कमकुवत होतो.

फॅमिली गायवरही खटले झालेत. कॅरोल बर्नेटने तिच्या सफाई कामगार बाईच्या पात्रावरून २००७ मध्ये केला होता, तो न्यायालयाने फेटाळला. टिटवींनी नोंद घ्यावी, कटअवेही न्यायालयात टिकले आहेत 🙂

गंमत म्हणजे कायदा जे विचारतो तेच फिरस्ता आणि चांदणचुरा विचारतायत, विडंबनाचा रोख कोणावर आहे. अर्थात कायद्यात बसलं म्हणजे चांगलं झालं असं मुळीच नाही, तो वेगळा हिशोब.

रातवा

हे वाचून स्ट्रीटकार परत आठवलं. त्यात टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकाचं संगीतिका म्हणून रूपांतर दाखवलंय, होमरची बायको मार्ज ब्लांश आणि नेड फ्लँडर्स तिला छळणारा स्टॅन्ली, आणि मूळ नाटकातले संवाद न घेता गाणी सगळी नवी लिहिली. त्यातल्या न्यू ऑर्लीन्सच्या गाण्यावरून त्या शहरात केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्याच आठवड्यात सुरुवातीला बार्ट फळ्यावर लिहिताना दिसतो, मी न्यू ऑर्लीन्सची बदनामी करणार नाही.

आणि त्या एपिसोडाचा गाभा बघा. शेजारचा गरीब नेड, त्याच्यावर मार्जला राग काढता येत नाहीये, दिग्दर्शक ओरडतोय. मग तिला होमर दिसतो, तिच्याकडे ढुंकूनही न बघणारा, आणि तिला एकदम ब्लांश सापडते. नाटकातला स्टॅन्ली कोण हे तिला स्वतःच्या घरात कळतं. हे विडंबन आहे की नाटकाचं उत्तम वाचन, मला आजही सांगता येत नाही.

मुक्काम

रातवा, हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवावा असा आहे.

मोनोरेलचाही उल्लेख राहायला नको. जानेवारी १९९३, कोनान ओब्रायनने लिहिलेला. गावात एक गोडबोल्या माणूस येतो आणि गाणं म्हणत म्हणत सगळ्या गावाला मोनोरेल विकतो, द म्युझिक मॅन वरून. ते गाणं मूळ ब्रॉडवेच्या नाटकातल्या गाण्याच्या धाटणीचंच आहे, वक्ता एक ओळ म्हणतो आणि गर्दी हळूहळू त्याच्या तालावर येते. म्युझिक मॅन कोणाला ठाऊक असो नसो, गर्दी कशी वाहवत जाते हे तीन मिनिटांत डोळ्यांसमोर घडतं, आणि एकटी मार्ज शंका काढते तर तिचं कोणी ऐकत नाही. चांदणचुरांच्या कसोटीला याहून चांगलं उदाहरण नाही.

नवखा_प्रेक्षक

मी हे सगळं वाचतोय आणि झपाटल्यासारखं झालंय. मी यातले जुने सिनेमे जवळजवळ एकही पाहिलेला नाही. आधी सिनेमे बघू का आधी एपिसोड? आधी विडंबन बघितलं तर मूळ सिनेमा गंभीरपणे बघता येईल का, की बॉबच आठवत राहील?

टिटवी

आधी एपिसोड बघ, बिनधास्त. आमच्यातल्या बहुतेकांचं असंच झालंय, विडंबन आधी आणि मूळ नंतर, आणि त्याने काही बिघडत नाही. हिचकॉकचा रिअर विंडो मी 'बार्ट ऑफ डार्कनेस' नंतर पाहिला, पाय मोडलेला बार्ट दुर्बिणीतून शेजारी बघत बसतो तो एपिसोड. सगळं माहीत असूनही शेवटी माझ्या हाताला घाम फुटला होता. चांगला सिनेमा थट्टेने मरत नाही. एक फायदाच होतो, आपण कुठल्या क्षणी काय होणार याची वाट बघत नाही, तर तो क्षण कसा बांधलाय ते बघतो.

चांदणचुरा

टिटवीशी एकदाचं एकमत 🙂 फक्त सिटिझन केनचा अपवाद कर, नवखा. केनमध्ये शेवटचं रहस्य आहे आणि ते मी वर फोडलंय, त्यामुळे तू आता तरी निदान सिनेमा आधी बघ, रोजबड नंतर. घसरगाडी माहीत असली तरी चालेल, त्या सिनेमात रहस्याहून खूप जास्त काही आहे, त्या पोराला नेतात तो प्रसंग नीट बघ, आतल्या खोलीत मोठी माणसं कागदावर सह्या करतायत आणि मागे खिडकीतून लांबवर तो पोर बर्फात खेळतोय, दोन्ही एकाच फ्रेममध्ये, दोन्ही स्पष्ट. आणि मग बर्न्स त्या लिमोझिनकडे उड्या मारत जाताना बघ.

केप फिअरला उलट कर, आधी एपिसोड, मग १९६२, मग १९९१.

रातवा

आणि १९९१ चा बघताना दोन गोष्टींवर लक्ष ठेव. मिचम आणि पेक दोघंही त्यात छोट्या भूमिकांत आहेत आणि बाजू बदलून आहेत, जुना खुनशी माणूस इथे पोलीस आणि जुना सज्जन वकील इथे खुनशी माणसाचा वकील. म्हणजे स्कोर्सेसीही मूळ सिनेमाशी तेच करतोय जे सिम्पसन्सने त्याच्याशी केलं. हेडफोन लावून बघ, हरमनचे ते स्वर पहिल्याच मिनिटात येतात.